काळा ओटा

घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही नुसतं स्वयंपाकघर नव्यानं बांधायला काढलं आणि तेवढ्यातच पुरेवाट झाली. बसून रांधायची चूल काढून उभ्यानं रांधायचा ओटा करायचा होता. नवरा उकव्याच्या खाणीत कामाला, रविवारी बसनं घरी यायचा. जाताना म्हणाला, "दगड तू अन् आई मिळून पसंत करा." मी मनात काळा कधीच ठरवून टाकला होता.

सासरे जाऊन चार महिने झाले होते. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सासूबाई भांडं ठेवताना आधी हातानं जागा चाचपत, दारातून जाताना चौकट धरत. दुःखानं त्यांचं मन ठिकाणावर नाही, असं मी शेजारणींना सांगत असे. माझं तरी कुठं होतं? संध्याकाळच्या भाकरी थापून व्हायच्या आणि किती थापल्या ते आठवायचं नाही.

स्टेशनजवळच्या दगडवाल्यानं दोन लाद्या समोर ठेवल्या. एक जबलपूरकडचा पांढरा संगमरवर, दुसरा काळा कडप्पा. सासूबाईंनी दोन्हींवरून तळहात फिरवला आणि पांढऱ्यापाशी थांबल्या.

"मले हाच पाहिजे."

"अम्मा, दाग पड़ेगा," दगडवाला म्हणाला. त्यानं तेलात कालवलेली हळद दोन्ही दगडांवर बोटानं लावली, सावकाश एक बिडी ओढली आणि मग फडक्यानं पुसली. पांढऱ्यावर पिवळा ठिपका राहिला. काळ्यावर काही दिसेना.

"पाह्यला ना डाग, आई?"

"हौ, पाह्यला. तरी हाच घेऊ."

"काहून?"

"आवडते मले."

मला राग आला. रोज हळद सांडणाऱ्या घरात पांढरा ओटा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रविवारी नवऱ्याला मी दगडवाल्याचं म्हणणं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलंच नाही. काळा आला.

ओटा देखणा झाला. शेजारणी येऊन बघून गेल्या. सकाळच्या भाकरी मात्र सासूबाईंनी सोडल्या नाहीत, त्या उभ्यानं करू लागल्या.

आठवडाही झाला नसेल. मी तापलेला तवा शेगडीवरून उतरवून ओट्यावर ठेवला आणि पाणी आणायला गेले. परत आले तर सासूबाई बादलीत हात बुडवून बसल्या होत्या. परात ठेवायला जागा चाचपताना त्यांचा तळहात तव्यावर पडला होता. काळ्या दगडावरचा काळा तवा त्यांना दिसलाच नव्हता.

मला रडू आलं नाही. खोबरेल लावता लावता मी विचारलं, "डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?"

"हे जिते होते तवापासून. तुया सासऱ्याले ठावं होतं. पांढऱ्यावर भांडं तरी दिसलं असतं मले."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुनं मले शेगडीपाशी येऊ देलं असतं?"

मी त्यांच्या हाताला फडकं बांधलं आणि तवा उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाकरी मी केल्या. पंधरा दिवसांनी हात बरा झाला, तरी मीच करत राहिले. त्या दारापर्यंत येत, उभ्या राहत आणि परत जात. मी त्यांना आत बोलावलं नाही. आज त्याची लाज वाटते. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.