अवसेच्या दिवशी आखलेली पळायची वाट

एका रविवारी माझ्या हातून अख्ख्या गावावर करणी झाली. मी शिंपी. करणी हा माझा धंदा नव्हे.

तेव्हा नव्वद साल उलटून गेलेलं. माझा मुलगा रघु कंपनीत नोकरीला लागला आणि तिथल्या लोकांबरोबर पळायला लागला. कोणी पाठीस लागलेलं नसताना. त्यांचा क्लब होता. एकाने आधी जायचं, गावाबाहेरच्या वाटांवर पिठाच्या ढिगल्या टाकून यायचं, मग बाकीच्यांनी त्या हुडकत पळायचं.

"पळून मिळतं काय?" मी विचारलं.

"शेवटी बिअर असते, अप्पा."

"ती बसून मिळत नाही?"

त्याच उन्हाळ्यात यमुना गेली. माझी बायको. त्यानंतर मी बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या घराच्या खिडकीशी बसून असायचो आणि रघु माझ्याकडे बघून बघून वाळत चालला होता. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. एक दिवस म्हणाला, "या रविवारी वाट आखायची पाळी माझी. अर्धी तुम्ही आखा. खुणा करणं तर तुमचंच काम."

"कापडावर. रस्त्यावर नाही."

"बरं, मोठं कापड समजा."

मी हो म्हटलं. (नाही म्हटलं असतं तर पोरगं रडलं असतं, आणि मग मीही.)

बोम्मसंद्राचे कारखाने मागे टाकले की नीलगिरीची झाडी लागते. माझ्या वाट्याचा रस्ता त्या झाडीतून गावच्या तळ्यापर्यंत. तिथे जवळच दगडाची खाण, तिच्या धुळीने रस्ता पांढराफेक पडलेला, असं रघु आदल्या दिवशीच बोलून गेला. आता जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाला एवढं कळतं की पांढऱ्या कापडावर पांढरा खडू चालवायचा नसतो. रंगीत घ्यायचा. घरात शोधलं तर यमुनेच्या कपाटात कुंकवाचा मोठा पुडा होता, हळदीकुंकवासाठी आणलेला. आता ते लावणारं घरात कोणी नव्हतं. मी तो सगळा पिठात कालवला. रघुला सांगितलं नाही. धंद्यातली अक्कल कोण सांगत बसतो?

दुपारी रघु त्याचा अर्धा भाग आखून पळणाऱ्यांना आणायला गेला आणि मी एकटा कामाला लागलो. थोडं चालायचं, लाल ढिगली टाकायची. तिठा आला की मोठं वर्तुळ काढायचं, म्हणजे पळणारे तिथे थांबून पुढची वाट शोधतात. पण मलाही परत यायचं होतं, आणि सगळी झाडं सारखीच. म्हणून कातर जिथून चालवली तिथे आम्ही टाचणी लावतो, तसं मी प्रत्येक वर्तुळात, आलो त्या बाजूला, एक लिंबू ठेवत गेलो. पिशवीत सरबतासाठी आणलेली लिंबं होती. घसा कोरडा पडला तेव्हा एक कापून चोखलं आणि त्याचं अर्धुक ठेवलं.

लाल पीठ, तिठा, वर्तुळ, कापलेलं लिंबू. तुम्हाला दिसतंय ना? मला दिसलं नाही. त्यात ती अवस होती. तिथी-वार बघायचं खातं यमुनेचं होतं. ती गेल्यापासून आमच्या घरात फक्त रविवार यायचे.

तळ्यापाशी शेवटची ढिगली टाकून परत निघालो आणि भलत्याच पायवाटेला लागलो. झाडीत पाखरूदेखील ओरडत नव्हतं. फिरून फिरून एका तिठ्यावर आलो आणि थांबलो. समोर लाल वर्तुळ. त्यावर फोडलेला कोहळा. मध्ये कापूर जळतोय.

खरं सांगतो, ते माझंच आहे हे मी ओळखलं नाही. कोहळा मी ठेवला नव्हता. मला फक्त एवढंच कळलं की इथे कोणीतरी भयंकर काहीतरी करून गेलंय आणि मी आडरानात एकटा आहे. रामाचं नाव घ्यायला गेलो तर ओठावर भलतंच आलं, मुनिसिपालटीच्या मुकादमाचं.

तेवढ्यात झाडीतून पाचसहा माणसं आली. हातात दांडकी, पुढे एक म्हातारी. तिला सगळे अज्जी म्हणत होते. मला इतका आनंद झाला की मी धावत तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"बघितलंत हे?" अज्जी कन्नडमध्ये म्हणाली. "आज अवस. कोणीतरी गावावर माटा केलाय."

माटा म्हणजे करणी. बेंगळूरात जन्म गेला, एवढं मला कळतं.

"कोहळा आम्ही फोडला, उतारा म्हणून," एक मिशीवाला म्हणाला. "पण असली वर्तुळं थेट तळ्यापर्यंत आहेत."

"असल्या माणसाला झाडाला बांधून फोडला पाहिजे," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जोर चढला. "आधी फोडायचा, मग विचारायचं."

"हे बघा, यजमान्रे," मिशीवाल्याने दांडक्याच्या टोकाने लिंबाचं अर्धुक उलटं केलं. "दातांनी चावलंय."

मी वाकून बघितलं. दातांच्या ओळीत मध्येच एक खिंड होती. मी जिभेने माझ्या तोंडातली खिंड चाचपली. जुळली.

मग हात बघितले. मनगटापर्यंत लाल. दोन्ही हात हळूच सदऱ्याच्या खिशात घातले.

"करणारा याच वाटेने परत येणार," मिशीवाला म्हणाला. "दबा धरून बसू."

आणि तेव्हाच लांबून क्लबचा भोंगा ऐकू आला. पळणारे निघाले होते. याच वाटेने येणार होते, आणि सगळ्यांच्या पुढे, पिठाने भरलेल्या हातांनी, माझा रघु. यमुनेला दवाखान्यात नेलं तो दिवस आठवला. मी हात बाहेर काढले.

"मी केलं."

दांडकी वर गेली. भीतीने मला खोटं सुचेना. "कुंकू माझ्या बायकोचं आहे. ती गेली. घरात लावणारं कोणी नाही."

अज्जीने हाताने सगळ्यांना थांबवलं. "कधी गेली?"

"उन्हाळ्यात."

"मुलं?"

"एकच. तिकडून पळत येतोय, त्याला मारू नका. मला मारा. पण स्वल्प हळू."

आणि मी तिथेच, भर रस्त्यात, कोहळ्याशेजारी बसून रडलो. दिवसपाण्यालाही रडलो नव्हतो.

अज्जी माझ्याजवळ बसली. "बायकोचं कुंकू अवसेला वाटेवर सोडतात, असं तुमच्यात आहे?"

"नवीनच आहे," मी म्हणालो.

एवढ्यात ते आले. पुढे रघु, मागे अर्ध्या चड्डीतला त्याचा गोरा साहेब, मागे सगळी वरात घामाघूम.

"हे कोण?" अज्जीने मला विचारलं.

"नातेवाईक," मी म्हणालो.

"तो गोरा पण?"

"लांबचा."

अज्जीने सगळ्यांना हात जोडून वर्तुळाला प्रदक्षिणा घालायला लावल्या. साहेबाला वाटलं, हा खेळातलाच भाग. त्याने एक जास्त घातली. रघु माझ्याकडे बघत होता, मी कोहळ्याकडे.

घरी पोचल्यावर मी चूळसुद्धा भरली नाही. म्हटलं, "रघु, मीठमिरच्या आण. माझ्यावरून ओवाळून टाक."

"कशाला? ती करणी तुम्हीच केली होती ना?"

"म्हणूनच घाबरलोय. करणाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं."