तिचा सहा महिन्यांचा व्हिसा

मुलीने फोनवर "आईले पाठवा" असं म्हटलं तेव्हा मला आधी आनंद व्हायला हवा होता. ती कॅनडात, पहिलंच बाळंतपण, तिसरा महिना नुकताच संपलेला. बाप म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे यायला हरकत नव्हती. पण मला आला तो राग, आणि रागाच्या खाली होता तो हेवा. "पाठवा" म्हणाली ती. "या" म्हणाली नाही. म्हणजे आई जाणार आणि मी तिला बांधून, पत्ता लिहून रवाना करणार.

"आणि मी?" हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तीच घाईघाईने म्हणाली, "बाबा, तुमचं नंतर पाहू. तुमाले शुगर आहे, इथली थंडी नाई झेपणार." शुगर मला नऊ वर्षांपासून आहे. तिचं थंडीशी काय वैर आहे हे मला आजवर एकाही डॉक्टरने सांगितलेलं नाही. मी "बरं" म्हणालो आणि फोन बायकोच्या हातात दिला. त्या दोघी पुढे पाऊण तास बोलल्या.

माझा जळफळाट कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझ्यानंतर तिची चार वर्षं नोकरी राहिली होती. ती चार वर्षं मी चंद्रपूरच्या आमच्या घरात एकट्याने काढली. सकाळी नऊला ती शाळेत जायची, संध्याकाळी सहाला यायची, आणि मधल्या वेळात मी पेपर वाचायचो, झाडांना पाणी घालायचो, पुन्हा पेपर वाचायचो. तिच्या निवृत्तीची वाट मी तिच्यापेक्षा जास्त पाहिली. सिरोंचापासून आरमोरीपर्यंत जंगल पायाखाली घातलं होतं, आता तिच्यासोबत समुद्र पाहायचा होता. गेल्या वर्षी शाळेने तिला शाल-श्रीफळ दिलं. मी कोकणाचा नकाशा आणून ठेवला. आणि मग हा फोन आला.

म्हणजे तिला बोलावलं म्हणून मला तिचा हेवा वाटत होता आणि ती जाणार म्हणून मुलीचा. खरं सांगायचं तर जन्माला न आलेल्या नातवाचाही वाटला. साठी उलटलेल्या माणसाने असं काही लिहू नये, पण वाटला ते वाटला.

व्हिसाचं काम अर्थात माझ्याकडे आलं. घरात कागद म्हटला की माझंच नाव निघतं. जटपुरा गेटजवळ एका मुस्लिम गृहस्थांचं दुकान आहे. ते लोकांना हज-उमऱ्याला पाठवतात आणि पासपोर्ट-व्हिसाचीही कामं करतात. शांत माणूस, दाढी पांढरी, एकेक कागद दोनदा वाचणारा. त्यांनी आम्हाला समोर बसवलं, चहा सांगितला आणि समजावून सांगितलं.

"देखो भाऊ, दोन रस्ते हाये. एक साधा व्हिजिटर व्हिसा. त्याच्यावर सहा महिने राहू देते. दुसरा सुपर व्हिसा, तो खास पोरायच्या मायबापासाठीच हाये. त्याच्यावर एका टायमाले पाच साल राहता येते. पण त्याले तिथला विमा लागते, मेडिकल लागते, पोरीच्या पगाराचे कागद लागते."

बायको म्हणाली, "पोरगी सगळं द्याले तयार हाये."

"मग काय टेन्शन नाई बाई. आणि एक गोष्ट तुमच्या फायद्याची हाये." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "व्हिसावाल्यायले डर असते का माणूस तिथी गेला तर वापस येते का नाई. भाऊ इथी राहून राह्यले ना, हाच तुमचा सगळ्यात मोठा कागद. भाऊच्या सहीचं एक पत्र लावू. बाई वापस येणार म्हणून."

बायकोने मान डोलावली. मी चहा प्यायलो. आयुष्यभर मी कागद तयार केले होते, आता मलाच फाइलला लावणार होते.

त्या रात्रीपासून मी दोन्ही व्हिसांचं जे मिळेल ते वाचून काढलं. कोणते कागद, कोणत्या अटी, अर्ज कशामुळे नाकारतात, सगळं. मुलीने सुपर व्हिसाच भरायला सांगितलं होतं. "आई दोन वर्षं राहिली तर मले नोकरीवर परत जाता येईल," असं तिचं म्हणणं. दोन वर्षं! माझी चार वर्षं वाट पाहून झाली होती, त्यात ही आणखी दोन. आणि ती किती सहज बोलली. मी सगळं वाचून पाहिलं तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली की आमच्या बाबतीत सुपर व्हिसा मिळायला काही अडचण दिसत नाही. मुलगी तिथली कायमची रहिवासी, जावयाचा पगार चांगला, बायकोची तब्येत ठणठणीत. म्हणूनच मला तो भरायचा नव्हता.

खात्यात असताना बांबूच्या, लाकडाच्या वाहतुकीचे परवाने माझ्या हातून जात. गाडीवाल्याने तीन दिवस मागितले तर मी दोनच दिवसांची मुदत लिहायचो. मुदत कमी असली की गाडीवाला कुठे रेंगाळत नाही आणि वाटेत लबाडीला जागा राहत नाही, असा माझा अनुभव. गाडीवाले मला शिव्या देत असतील, देवोत. बायकोच्या बाबतीत मी तेच केलं.

ती ओट्याशी तूर निवडत बसली होती. मी चष्मा लावून, हातात छापलेले कागद घेऊन गेलो, म्हणजे बोलण्याला वजन येतं.

"तो लांबचा व्हिसा काही खरा नाही," मी म्हणालो. "नाकारतात पुष्कळदा. आणि एकदा नाकारला की ठपका लागते. मग साधाही भेटत नाई. आपण सहा महिन्यांचाच भरू."

तिने एक खडा बाजूला टाकला. माझ्याकडे पाहिलं. शाळेत गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे पाहायची तशी.

"तुमाले कागदातलं जास्त कळते," एवढंच म्हणाली. "तुमी जो भरसान तो."

मला जिंकल्यासारखं वाटलं. मुलीला मीच फोन करून तेच सांगितलं. ती थोडी हिरमुसली, पण बाबांना नियम कळतात यावर तिचाही विश्वास. पत्रही मीच मराठीत लिहून दिलं आणि दुकानवाल्यांनी त्याचं इंग्रजी करून घेतलं. "सदर महिला माझी पत्नी असून मी चंद्रपूर येथे कायम वास्तव्यास आहे व राहणार आहे," असं मी लिहिलं होतं. सही करताना पेन जरा जोरातच दाबलं गेलं.

व्हिसा यायचा होता, पण आमच्या गल्लीच्या हिशेबाने बायको कॅनडात पोचल्यासारखीच होती. शेजारच्या बायका संध्याकाळी येऊन बसत. कोणी काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे वाळवून आणले, कोणी जवसाची चटणी, कोणी डिंकाचे लाडू कसे न बिघडता राहतील ते सांगितलं. आरमोरीहून तिच्या भावाने नवा तांदूळ पाठवला, बाळंतिणीच्या पेजेसाठी. तिच्या हाताखाली शिकलेल्या, आता स्वतः शिक्षिका झालेल्या दोघी माजरीहून भेटायला आल्या आणि तिच्या पाया पडल्या. विमानात बसणार म्हणून कोणी माणसाच्या पाया पडतं का? मी बाहेर खुर्चीवर बसून हे ऐकायचो. इतक्या वर्षांत मी वाघाच्या जंगलात रात्री राहिलो, वणव्यात पाय भाजून घेतला, माझ्यासाठी कोणी लाडवाची चौकशी केली नव्हती. एका शेजारणीने मात्र मला विचारलं, "भाऊ, तुमाले भात तरी मांडता येते का?" आणि सगळ्या हसल्या. बायकोही हसली. मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो आणि तिने ते ध्यानातच घेतलं नाही, ते जास्त लागलं.

तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. फळ्यावर लिहायची तशा ठळक अक्षरात: कुकरच्या तीन शिट्ट्या. गोळी जेवणाआधी. रविवारी दूध नको असेल तर दूधवाल्याला शनिवारीच सांगा. मी तो रोज वाचायचो आणि रोज चिडायचो.

बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला जावं लागणार होतं. आम्ही बल्लारशाहून गाडी धरली. हैदराबादच्या त्या कार्यालयाच्या दारावर एक पहारेकरी होता. त्याने बायकोचा कागद पाहिला, मग माझ्याकडे हात पसरला. माझ्याकडे कागद नव्हता. सिरोंचात असताना शिकलेल्या मोडक्या तेलुगूत मी त्याला सांगितलं की मी सोबत आलोय. तो नम्रपणे म्हणाला, फक्त अर्जदारच आत. बायकोने पर्स सांभाळली, पदर नीट केला आणि काचेच्या दारातून आत गेली. ती मागे वळून पाहील म्हणून मी उभा राहिलो. ती न पाहताच गेली.

समोर फुटपाथवर एका झाडाच्या पारावर मी बसलो. तिच्या डब्याची पिशवी माझ्या मांडीवर. माझ्याच वयाची जोडपी रिक्षातून उतरत होती आणि दोघंही आत जात होती. एका गृहस्थाने बायकोच्या हातातली फाइल घेतली, आपलीही काढली, दोन्ही पहारेकऱ्याला दाखवल्या आणि तिला पुढे घातलं. किती साधी गोष्ट. मी त्या माणसाचा इतका हेवा केला की तो दिसेनासा झाला तरी दाराकडे पाहत राहिलो.

परतीची गाडी दुपारची होती. बसायला खिडकीजवळ जागा मिळाली. आम्ही डबा खाल्ला, तिने हात पुसले आणि बोटं उलटसुलट करून पाहिली. मशीनवर एक अंगठा तीनदा ठेवावा लागला म्हणाली. खडूने झिजला असेल. तिचा चेहरा मोकळा दिसत होता. काम झालं होतं, अर्ज गेला होता, आता त्यात बदल होणार नव्हता. मला वाटतं म्हणूनच तिने तेव्हा विषय काढला.

"अजी, तो लांबचा व्हिसा भेटला असता ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाची शेतं मागे जात होती.

"पोरीनं मले पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमी नाकारतात म्हटलं, तेव्हाच मले समजलं."

"मग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तर तुमी तोंड पाडून बसले असते."

मी तोंड पाडूनच बसलो होतो, गेले दोन महिने. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी मी इतके दिवस आत धरून ठेवलेलं बोललो. म्हणालो की मलाही जायचं होतं. पोरीने एका शब्दाने विचारलं नाही. थंडीचं निमित्त केलं. पोटच्या पोरीला बाप जड झाला.

बायकोने रिकामा डबा पिशवीत घातला. मग हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, "तिच्यावर नका रागवू. तिनं विचारलं होतं. बाबांचाही सोबतच भरू का म्हणून. मीच नाई म्हटलं."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"तुमी रिटायर झाले," ती म्हणाली, "आणि चार वर्षं मी रोज नऊ वाजता डबा भरून घराबाहेर पडली. तुमी दारात उभे राहून हात हलवत होते. मागं सगळं घर तुमचं एकट्याचं. बसमध्ये मले तुमचा लय हेवा वाटे. म्हणत होती, माझेबी असे दिवस येतील. मग मी रिटायर झाली, तं तुमी घरीच."

"पण तिथे तरी एकटी कुठे राहणार आहेस?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "बाळंतपण उरकायला चाललीस. पोरगी, जावई, बाळ. दिवसभर राबशील."

"राबीन. बाळ झोपलं का घंटा-दोन घंटे बसीन."

"ते तर इथेही बसता येतं."

"इथी नाई बसता येत," ती म्हणाली. "इथी तुमी हाक मारता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मी हिशेब करू लागलो की मी हाक केव्हा मारतो. चष्मा सापडत नाही तेव्हा. दाराची बेल वाजते तेव्हा. पेपरात काही मजेशीर छापून आलं की तेव्हा, हे तर तिला आवडतच असेल अशी माझी समजूत. काही काम नसतं तेव्हाही मारतो, ती घरात आहे ना एवढं पाहायला.

"सहा महिने पुरे होतात मले," ती थोड्या वेळाने म्हणाली. "लांबचा नव्हताच पाहिजे. मग येतो वापस." आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकवून तिने डोळे मिटले. झोपली की नुसतीच तशी बसली, ते कळलं नाही.

सिरपूर कागजनगरला गाडी बराच वेळ थांबली. चहावाला डब्यात आला. तिला या वेळी चहा लागतो. दोन घेतले, एक कप तिच्यासमोर धरला आणि "अवं" म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. चहा हातात धरून मी ती आपणहून डोळे उघडेल याची वाट पाहत बसलो.