गाईच्या पोटाची तार

आमच्या ओसरीतली तारेची गाय मी केलेली नाही. ती माझ्या बायकोने केली आहे. हे मी या वर्षी ज्याला त्याला सांगत सुटलो आणि प्रत्येकाने माझ्या विनयाचं कौतुक केलं. वैताग आला.

नाशिकजवळची आमची द्राक्षबाग तोडली तेव्हा मांडवाची तार बांधावर पडून होती. भंगारवाला यायच्या आत हिने त्यातली एक लांब तार उचलली आणि माझी पक्कड घेऊन दुपारची वळवत बसली. कुठे सांधा नाही. शेपटीपासून निघालेली तार पाठीवरून शिंगांपर्यंत जाते आणि चारही पाय करून परत येते. आत सगळी हवा, पण ऊन आलं की भिंतीवर अख्खी गाय उभी. पोटाची तार तेवढी खाली सैल सोडलेली. बोट लावलं की हलायची.

जन्मभर मांडवाच्या तारा ओढलेला माणूस मी. सैल तार दिसली की हात शांत राहत नाहीत. हिला न विचारता ती खेचून ताठ केली. हिने पाहिलं आणि पुन्हा तारेला हात लावला नाही. पुढे पाहुणे विचारायचे, कुणी केली? ही चहा ठेवायला आत. मी म्हणायचो, आमच्याच बागेची तार आहे. ते मला शाबासकी द्यायचे आणि मी घ्यायचो.

यंदा शाळेतल्या चित्रकलेच्या बाई प्रदर्शनासाठी गाय मागायला आल्या. गाईसोबत लावायच्या चिठ्ठीवर माझं नाव. ते लिहिलेलं पाहून मात्र राहवलं नाही, मी खरं काय ते सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, बायकोला असं श्रेय देणारे काका हल्ली कुठे मिळतात. माझा आवाज चढला, तशी त्यांची खात्री वाढतच गेली. शेवटी हिला हाक मारली.

"अगं, तू तरी सांग यांना."

हिने पदराला हात पुसले आणि गाईच्या पोटाखालून बोट फिरवलं.

"गाभण होती ही," ती म्हणाली. "पोट यांनी ओढलं."

बाईंनी चिठ्ठीवरचं नाव बदललं. मी पक्कड आणायला उठलो.

"राहू द्या," ही म्हणाली. "आधीच पुष्कळ नीट केलीत."

प्रदर्शनात तिच्या नावाखाली ती भाकड गाय उभी होती आणि लोक छान, छान म्हणत पुढे जात होते.