आतलं लुगडं

"वरचं कापड लोकांचं, आतलं आपलं," सुईत दोरा ओवताना सईबाई हटकून म्हणायची.

नवरा तंजावरचा. देवळाच्या रथाला लटकणाऱ्या झुली शिवायचा, तांबड्या कापडावर पांढरे मोर कापून टाचायचा. मद्रासला आल्यावर चौथ्या वर्षी तो गेला. त्याची कात्री तिनं उचलली, आणि आपल्या मेलेल्या भावाची दोन वर्षांची कनकाही. तिरुवल्लिक्केणीच्या एका खोलीत झुली शिवून तिनं पोर वाढवली, शिकवली.

एकोणसाठ साली कनकाचं लग्न झालं. जावई जनकोजी गिंडीच्या कारखान्यात कारकून, घर सैदापेटला. लग्नात सईबाई खांबामागे उभी राहिली. विधवेची जागा तीच. घरी येऊन तिनं ट्रंकेतलं आपल्या लग्नाचं तांबडं रेशमी लुगडं काढलं. तिला ते नेसायची सोय नव्हती, आणि तिचं म्हणून दुसरं कुणी नेसलं नसतं. ते चौपदरी करून तिनं आत घातलं, वर मोरांचं कापड, मागं अस्तर. आणि सगळ्या थरांतून चार महिने बारीक धावदोरा घातला. कनकाच्या भिंतीवर तरी ते लुगडं नांदावं, एवढंच तिच्या मनात.

भिंतीवर लावायचा तो पडदा घेऊन ती सैदापेटला गेली. जनकोजी कौतुकानं हातोडी घेऊन, दातांत खिळा धरून स्टुलावर चढला.

त्याची आई कमळजाबाई पडदा हातात तोलत म्हणाली, "जड आहे हो विहीणबाई! आत काय, चिंच भरलीत?"

सईबाई नुसतं ‘चिंध्या’ म्हणाली असती तर निभावलं असतं. पण तिला आपल्या आतल्या कापडाचा अभिमान. "माझं लग्नातलं लुगडं," ती ताठ मानेनं म्हणाली.

कमळजाबाईनं पडदा खाली टाकला. "अय्यो! नव्या सुनेच्या घरात हे? शिवताना काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला?"

सईबाईनं कनकाकडे पाहिलं. कनका पदराचं टोक पिळत होती.

"आत्या, आतलं तेवढं काढून देशील? वरचं छान दिसतंय."

"देते की. कात्री आण."

जमिनीवर बसून तिनं एकेक टाका उसवला. दुपार सरली. कुणी पाणी विचारलं नाही. लुगडं निघालं, मोर सैल पडले, त्यांच्या अंगभर टाक्यांची भोकं राहिली.

"घे. लोकांचं लोकांना," म्हणत तिनं ते कापड कनकाच्या हातात दिलं आणि लुगडं काखेत मारलं.

रस्त्यात तिनं ते झटकलं, उतरत्या उन्हात खांद्यावरून पांघरलं आणि तिरुवल्लिक्केणीच्या वाटेनं चालू लागली. कनका आत कापडाला इस्त्री फिरवत होती. मोर टांगायला पुन्हा स्टुलावर चढलेला जनकोजी तेवढा खिडकीतून, ते तांबडं दिसेनासं होईपर्यंत, बघत राहिला. खिळा त्याच्या दातांतच होता.