वसुधाकाकूंचं दूध आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो वसुधा सुगावारा यांच्यावर. जपानमधल्या २०११ च्या भूकंपाला वर्ष उलटून गेल्यावर जो वसंत आला, त्यातल्या एका महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, सेंदाईतल्या त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, घरभर पाहुण्यांच्या देखत. अन्याय करणारी मी. पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता, की कोणावर अन्याय झाला आणि कधी, हे सुरुवातीलाच आलं पाहिजे, कारण वाचणारा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकेलच असं नाही. ती सुरुवात मी आजवर नेहमी दुसऱ्या कोणाविरुद्ध केली. स्वतःविरुद्ध करायला तीन वर्षं लागली, आणि तोवर त्या गेल्या.

काकूंना जाऊन आज पाच आठवडे झाले. बातमी आली ती जपानमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर, मी प्रयोगशाळेत डबा खात असताना. 'वसुधाताई काल सकाळी गेल्या. मेंदूत रक्तस्राव.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि त्या रांगेत मधेच तोक्योच्या कोतो भागात राहणाऱ्या, मला कधीही न भेटलेल्या एका बाईंचा प्रश्न... 'त्याच ना, फुकुशिमाचं दूध पाजायच्या त्या? त्यानेच झालं असेल का हो?' त्या बाईंनी काकूंना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे काकूंबद्दल एवढीच माहिती होती, आणि ती माझ्या पत्रकातून गेली होती. मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एरवी शब्दांना मी कधी अडत नाही.

काकू मूळच्या सांगलीच्या. विद्यापीठात जीवरसायनाचं संशोधन करायला आल्या, तिथल्याच सुगावारा-सानांशी लग्न केलं आणि सेंदाईच्या होऊन गेल्या. नवऱ्याला त्या आयुष्यभर 'अहो' म्हणत. ते आपलं नाव असल्यासारखे 'हाय', म्हणजे जपानीतलं 'हो', म्हणून ओ देत. भूकंपानंतर सेंदाईतल्या आम्हा मराठी लोकांतले निम्मे भारतात परतले किंवा नागोयाकडे सरकले. आम्ही जे उरलो त्यांच्यासाठी काकूंनी महिन्याचा दुसरा रविवार सुरू केला. कांदेपोहे सुगावारा-सान करायचे, आणि काकू कॉफी. त्यांच्याकडे एक छोटं एस्प्रेसो मशीन होतं, भाताच्या कुकरएवढंच जेमतेम. त्यात एका वेळी एकच कप व्हायचा. आधी कॉफी, मग वाफ तयार होईपर्यंत थांबायचं, मग दूध. त्यामुळे दहा माणसं आली की दहा माणसांची स्वयंपाकघरात रांग लागायची, आणि प्रत्येकाला काकूंची तीन-चार मिनिटं एकट्याला मिळायची. आईचा फोन आला का, गाइड अजून छळतो का, झोप लागते का... एवढं विचारून होईतो कपात कॉफीवर ओतलेल्या दुधाच्या फेसाचं पांढरं पान उमटलेलं असायचं. मुलांना नुसतं फेसाचं दूध, वर कोकोचा मांजराचा चेहरा. आमच्यातल्या कित्येकांनी त्या वर्षी रडून घेतलं ते त्या रांगेत.

मला त्यांनी मशीनच्या नळीने दुधाला वाफ द्यायला शिकवलं. पहिले तीन रविवार दूध हातात दिलंच नाही. थंड पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. "अगं, फेस तसाच येतो. हात बसू दे आधी." मी म्हटलं, काकू, हा तर भातुकलीचा खेळ झाला. त्या म्हणाल्या, "बरं, मग खेळ." नंतर कधीतरी बोलता बोलता त्यांनी कारण सांगितलं. सुगावारा-सानांचे थोरले भाऊ फुकुशिमाच्या डोंगराळ भागात गाई पाळतात. अणुभट्टीच्या अपघातानंतर दूध विकायला बंदी आली, पण गाईला बंदी कळत नाही, तिला रोज पिळावंच लागतं. थोरल्या दिरांनी शेतात खड्डा खणला आणि दिवसामागून दिवस त्यात दूध ओतलं. काकू मदतीला गेल्या होत्या, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. "तेव्हापासून शिकताना वाया जाणारं दूध मला बघवत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "नळी खाली घे, बुडबुडे मोठे होतायत."

चौथ्या रविवारी दूध मिळालं. फ्रिजमधला थंडगार स्टीलचा जग, नळीचं टोक दुधाच्या अगदी पृष्ठभागाशी, कागद हळूहळू फाडल्यासारखा आवाज. तो आवाज बिघडला की काकू बघत नसल्या तरी त्यांना कळायचं. "कान दे. चहाचं दूध डोळ्यांनी सांभाळतात, हे कानांनी." मग नळी थोडी खाली, दुधाला भोवरा, आणि डाव्या हाताचा तळवा भांड्याला लावलेला. चटका बसायच्या आत थांबायचं. दूध ओल्या रंगासारखं चकाकलं की जमलं. "सायीवर वाढलेली माणसं आपण," त्या म्हणायच्या, "आणि साय धरू नये म्हणून एवढा खटाटोप." माझं पान पुढे अनेक महिने कांद्यासारखं यायचं. त्या गंभीरपणे विचारायच्या, "लाल की पांढरा?"

आता तो रविवार. मी काकूंच्या हातून कप घेतला आणि सिंककडे सरकले. जपानमध्ये दुधाचं खोकं तसंच टाकत नाहीत. धुवायचं, कात्रीने कापून सपाट उघडायचं, वाळवायचं आणि गठ्ठा बांधून वेगळं द्यायचं. सिंकशेजारी तसं एक खोकं उघडून वाळत टाकलं होतं, आणि त्यावर उत्पादकाच्या पत्त्यात 'फुकुशिमा' अशी वाचायची दोन जपानी चित्राक्षरं होती. मी तेवढीच वाचली. त्या दिवसांत मी सभांना जात होते, पत्रकं वाटत होते, ज्यांनी लोकांपासून माहिती लपवली त्यांच्याविरुद्ध ओरडत होते. तो राग आजही खरा आहे, तो मी मागे घेत नाही. पण ज्यांच्यावर तो राग होता त्यांच्या दारात पहारेकरी उभे होते. काकूंचं दार उघडं होतं.

"काकू, हे दूध तुम्ही आम्हाला पाजताय?" मी विचारलं. काकूंनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जान्हवी, अगं, ऐक..." एवढंच त्यांना म्हणता आलं, कारण मी ऐकायला थांबलेच नाही. कप सिंकमध्ये उलटा केला. पान क्षणभर स्टीलवर पसरलं आणि गेलं. मग मी फोन काढून खोक्याचा फोटो घेतला. रांगेतल्या एका आईने मुलाच्या हातातला मांजराचा चेहरा काढून घेतला. सुगावारा-सान कढईसमोर उलथनं धरून उभे होते. काकूंनी वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसली, प्रत्येक कपानंतर पुसायच्या तशीच, आणि मशीन बंद केलं.

त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'सेंदाईतल्या आईबाबांनो, तुमच्या मुलांच्या कपात काय आहे?' नाव घातलं नव्हतं. 'महिन्यातून एकदा प्रेमाने कॉफी पाजणारं एक घर' असं लिहिलं होतं, म्हणजे नावच घातलं होतं. कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या, मशीनवर गठ्ठाभर प्रती काढल्या आणि ईमेलवरही सोडलं. ते कोतोला गेलं, नागोयाला गेलं, भारतात लोकांच्या आईवडिलांपर्यंत गेलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काकूंकडे कोणी गेलं नाही. सुगावारा-सानांनी मला आत्ता सांगितलं, की त्या दिवशीही काकूंनी दहा वाजता मशीन तापवलं होतं, कप ऊबेला वर मांडून ठेवले होते, आणि पोहे त्या दोघांना आणि त्यांच्या मुलीला दोन दिवस पुरले.

मी संशोधक आहे, हे इथे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पदार्थातला किरणोत्सर्ग मोजण्याचं यंत्र आमच्या इमारतीत खालच्याच मजल्यावर होतं. बाटलीभर दूध नेऊन मोजायला एक दुपार लागली असती. काकूंच्या फ्रिजच्या दारावर तर, बंदी उठल्यापासून, दिरांच्या दूध संघाकडून येणारा दर महिन्याचा तपासणीचा कागद चुंबकाने लावलेला असायचा, मला वाचता येणाऱ्या जपानीत, 'आढळले नाही' असं लिहिलेला. कितीतरी वेळा मी त्या दारासमोर उभी राहिले असेन. मी पत्ता वाचला, निकाल वाचला नाही.

काकू त्यानंतर एकदाच भेटल्या, विद्यापीठाच्या बस थांब्यावर. मी पळ काढायच्या बेतात होते. त्यांनीच हाक मारली. "वाळलीयस. जेवतेस ना वेळेवर?" मी हो म्हटलं. बस येईपर्यंत आम्ही दोघी सायकलस्टँडकडे बघत उभ्या होतो. चढताना त्या म्हणाल्या, "पत्रक चांगलं लिहिलंयस. वाक्यं छोटी आहेत." मी ते तेव्हा टोमणा म्हणून घेतलं आणि मनातल्या मनात त्यावर उत्तरही तयार केलं. माफी मागायला त्या बस थांब्यापासून त्यांचं घर चारच थांब्यांवर होतं. मी तीन वर्षं गेले नाही.

गेले ती त्या नसताना. एमीने, त्यांच्या मुलीने, दार उघडलं. ती आता सोळा वर्षांची आहे. मी मराठीत बोलले, ती जपानीत उत्तरं देत राहिली. काकूंच्या फोटोसमोर एक कप ठेवलेला होता. सुगावारा-सान रोज सकाळी एक करून ठेवतात आणि निवला की स्वतः पितात. वरचं चित्र कसलं ते ओळखू येत नव्हतं. ते मराठीत म्हणाले, "ती म्हणायची, माझं पान अळूचं. आज अळू पण नाही." आम्ही दोघं हसलो, एमी हसली नाही. तिने फ्रिज उघडला आणि मला विचारलं, "कोणतं देऊ?"

आत दोन खोकी होती. एक होक्काइदोचं, एक काकूंच्या थोरल्या दिरांकडचं, फुकुशिमाचं. मला कळेना. एमी या वेळी मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत, म्हणजे मला नीट समजावं म्हणून. "पाहुण्यांना हे. होक्काइदो. नेहमी हेच. ते फक्त आई प्यायची, आणि बाबा. मला पण विचारून द्यायची. तू सिंकमध्ये टाकलं ना, ते होक्काइदो होतं."

ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिलंच पाहिजे. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आपण ते प्यायलो नव्हतो तर... समोर त्या बाईचा फोटो, आणि मी माझ्या पोटाचा हिशेब करत होते. त्याच्या पुढच्या क्षणी समजलं, की दूध कुठलं होतं यावर माझा गुन्हा ठरतच नाही. ते तपासलेलं दूध त्यांनी आम्हाला दिलं असतं तरी मी तेवढीच खोटी ठरले असते. त्यांनी आमच्या भीतीचा मान ठेवून दोन खोकी घेतली. मी एक वाक्य पुरं ऐकून घेतलं नाही.

"तुम्ही सांगितलं का नाहीत कोणाला?" मी सुगावारा-सानांना विचारलं. त्यांनी फोटोसमोरचा कप सरळ केला. मग म्हणाले, "मी म्हटलं तिला, सांग. ती म्हणाली, पाहुण्यांना आपलं देत नाही असं सांगायचं, म्हणजे भावाचं दूध वाईट आहे असं सांगायचं. दादा ऐकतील." स्वतःला सोडवायला त्यांच्याकडे एक वाक्य होतं आणि ते त्यांनी दिरांसाठी गिळलं.

"कोणतं?" एमीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आईचं. तिने खोकं माझ्यासमोर धरलं. "आधी फोटो काढणार?" हे जपानीत म्हणाली. मी मान खाली घातली. तिने दूध तापवलं, कानांनी, आईसारखं. मी प्यायले. दूध होतं, गोड होतं. ते प्यायल्याने काही फिटलेलं नाही.

आता मागणी. ते पत्रक तुमच्याकडे आलं असेल, तुम्ही कोणाला पुढे पाठवलं असेल, नुसतं तोंडी सांगितलं असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि ज्यांना सांगितलंत त्यांना आज फोन करा. मनातल्या मनात वाईट वाटून घेऊ नका, ते मी तीन वर्षं केलं, त्याचा काकूंना काही उपयोग झाला नाही. सांगा, की वसुधा सुगावारा यांनी कोणाच्याही मुलाला काही वाईट पाजलं नाही, आणि त्यांच्या थोरल्या दिरांचं दूध चांगलं आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं असं विचारतील. माझं नाव सांगा. जिने ते खोटं लिहिलं, तिनेच.