काका गाडीचं ऑइल बदलतात

आमच्या मावशीच्या यजमानांइतका गाडीला जपणारा आणि गाडीपायी घरच्यांचा जीव टांगणीला लावणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. काका अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, काका गाडीखाली गेले. गाडी म्हणजे एक जुनी, उंच, डिझेलची एसयूव्ही. घेतली तेव्हा पांढरी होती, आता तिला ज्वारीच्या पिठाचा रंग आलाय. गॅरेजचं दार तिनं पाहिलेलं नाही. ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे, पट्टे तपासायचे, सगळं घरच्या अंगणात आणि काकांच्याच हातानं. "परक्यानं एकदा का नट जास्त आवळला की गाडी जन्मभर रुसून बसती," असं त्यांचं म्हणणं. दोन गल्ल्या सोडून राहणारा भाचा म्हणून मला उजेडाला बॅटरी धरायला बोलावतात, पण पान्याला हात लावू देत नाहीत.

ऑइल बदलण्याच्या दिवशी त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आधी इंजिन तापवायचं, मग खालचा नट सोडायचा आणि जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत गळू द्यायचं. तोवर काका गाडीखाली आडवे. एकदा लग्नाची पत्रिका घेऊन पाहुणे आले. काकांनी त्यांना गाडीखालूनच, नुसत्या पायांवरून ओळखलं आणि "ठेवा तितं पायरीवर" म्हणून वाटेला लावलं. ऑइल बोटांवर चोळून बघायचं, हुंगायचं. मावशीला भीती असते की एक दिवस हे त्याची चवसुद्धा घेतील. शिवाय टॉवेल! कारखान्यातले डागी टॉवेल घरात गठ्ठ्यानं पडलेत. अंगाखाली घ्यायला मोठा, ऑइल मोजायची पट्टी पुसायला छोटा, आणि हवेचा फिल्टर काढला की मागची नळी उघडी पडते, तिच्या तोंडात कोंबायला सर्वांत स्वच्छ. धुळीचा एक कण आत गेला तर काकांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. या गठ्ठ्यातला एक टॉवेल चुकून न्हाणीघरात गेला आणि माझे मेहुणे पाठीवर काळा पट्टा घेऊन बाहेर आले, तर काका म्हणाले, "मेहुण्याचं ऱ्हाऊ दे, माझा पट्टीचा टॉवेल भिजवला की!"

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. मावशीचे धाकटे भाऊ मंगळवेढ्याला असतात. मामांना साखरेचा आजार, सकाळी वेळेवर खाल्लं नाही तर डोळ्यांपुढे अंधारी येते. पण भाऊबीजेला आक्कानं ओवाळल्याशिवाय ते तोंडात घास घालत नाहीत. डॉक्टर रागावले, मामी रडल्या, काही उपयोग नाही. मावशीचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी तिला चढवत नाही. म्हणजे सगळं या गाडीवर. मी काकांना म्हणत होतो की ऑइल पाडव्यालाच बदलून टाका. पण पाडव्याला गाडीला हार घातला होता, कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. "पूजेच्या दिवशी तिच्यात पाना घालू व्हय रं?" असं म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं. आणि जुन्या ऑइलवर मंगळवेढ्यापर्यंत जायला त्यांचं मन धजेना. म्हणून भाऊबीजेच्या सकाळी अंगणात पाने मांडले.

सगळं वेळेत उरकलं. मावशी इरकल नेसून पुढच्या सीटवर बसली, म्हणजे मी आणि शेजारणीनं मिळून तिला चढवली. काकांनी चावी फिरवली. गाडी थरथरली, खोकली, मागून काळाकुट्ट धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा धूर. शेजारच्या दारातली रांगोळी काळी झाली. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला.

"आक्का, निघालीस का गं?"

"निघालो की," मावशी म्हणाली. गाडी अंगणातच होती.

"ये सावकाश. मी काय खात न्हाय तवर."

काका बॉनेटमध्ये शिरले. डिझेल पाहिलं, बॅटरीच्या वायरी हलवल्या, ऑइलची पट्टी पाहिली. ऊन चढत होतं. पुन्हा फोन आला, या वेळी मामींचा, आणि त्यांचा आवाज बरा नव्हता. "हेनला घाम फुटलाय आक्का, पण चहासुदिक घेत न्हाईत." मी म्हणालो, "काका, टॅक्सी बोलावू का?" इतकी वर्षं गाडीनं ज्याला कधी दगा दिला नव्हता, तो माणूस पुसलेली पट्टी पुन्हा पुन्हा पुसत होता. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मावशी मांडीवरचं ओवाळायचं ताट सावरत होती. एकदम म्हणाली, "आवं, ताटावर झाकायला नवा पिवळा नॅपकिन काढला हुता मी. देवापुढं ठेवला हुता. कुनी घेतला?"

काका जागच्या जागी थांबले. मग हवेच्या फिल्टरच्या डबीच्या क्लिपा उघडल्या, फिल्टर उचलला आणि मागच्या नळीत दोन बोटं घातली. कोरा, पिवळाधमक नॅपकिन हळूहळू बाहेर आला. घरातलं सर्वांत स्वच्छ कापड त्यांनी इंजिनाच्या तोंडाला लावलं होतं आणि ते तसंच आत ठेवून वर फिल्टर बसवला होता. बिचारी गाडी श्वास कोंडून मरत होती.

"मी इसरलो," काका म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं हात पुढं केला. "आना हिकडं." तिनं नॅपकिन झटकला, ताटावर नीट पसरला आणि म्हणाली, "चला. त्यो उपाशी हाय."

गाडी एका चावीत सुरू झाली. आम्ही पोचलो तेव्हा मामा पाटावरच बसले होते, भिंतीला टेकून, पांढरेफटक. ओवाळून मावशीनं पहिला घास स्वतः भरवला आणि त्यांचा रंग परत येईपर्यंत हात सोडला नाही. मग मामांना वास आला. "आक्का, ताटाला डिझेलचा वास येतोय गं."

"मग काय, इमानात बसून उडत आले का मी?" मावशी म्हणाली. "रस्त्याला लई गर्दी हुती." काका खाली मान घालून जेवत होते.

काका अजूनही ऑइल घरीच बदलतात. नियम तेच, टॉवेल तेच, गप्प बसणंही तेच. फक्त हवेचा फिल्टर बसवून बॉनेट लावायच्या आधी आता ते बाजूला सरकतात आणि मला म्हणतात, "बग रं एकदा, आत काय ऱ्हायलंय का." ज्या इंजिनाला मी आजवर बोट लावलं नव्हतं, त्यात मी वाकून बघतो. आत कधीच काही नसतं. तरी मी जरा जास्त वेळ बघतो, कारण तेवढा वेळ काका माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात.

"काय न्हाय काका," मी म्हणतो, "लावा." मग ते फिल्टर बसवतात आणि दोन्ही हातांनी, अगदी हळू, बॉनेट खाली आणतात.