सायकलवाला डॉक्टर

आमच्या करडी गावात सायकलीवर पीएचडी केलेला एकच माणूस होता, आणि त्याला सायकल चालवता येत नव्हती.

दोष त्याचा नव्हता. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तो मेंदूतल्या प्रथिनांवर संशोधन करायचा. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव सायक्लिन. पीएचडी झाल्यावर गावात सत्कार ठेवला, तेव्हा सरपंचांनी कागदावरचं ते नाव जरा सोपं करून घेतलं. "आपल्या पोरानं सायकलीत डॉक्टरकी मिळवली," असं त्यांनी जाहीर केलं आणि टाळ्या कडकडल्या. माझा हा शाळासोबती आणि शेजारी त्या दिवसापासून सायकलवाला डॉक्टर झाला.

दिवाळीत तो घरी आला की ओसरीवर माणसं जमायची. कोणाची कंबर, कोणाची शुगर.

"काकाजी, मी त्यातला डॉक्टर नोहो."

"मंग कायचा हायेस गा?"

हा प्रश्न कोणी विचारू नये असा होता, कारण त्याला समजावून सांगायची फार हौस. शरीरातल्या पुष्कळ पेशी एकीच्या दोन होतात, आणि त्यांना 'आता फूट' असं सांगणारी सायक्लिनसारखी प्रथिनं असतात. मेंदूतल्या पेशी मात्र एकदा तयार झाल्या की फुटायचं सोडतात. अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूत हीच प्रथिनं काही पेशींमध्ये पुन्हा जागी झालेली दिसतात. पेशी फुटायची सगळी तयारी करते, फुटू शकत नाही, आणि बहुतेक त्यातच मरते.

"लोंब्या आलेलं धान पुन्हा फुटवे काढाले लागलं तं काय होईल?" तो विचारायचा.

"वाटोळं होईल."

"तसंच. पन रोग ह्याच्यानंच होते, असं आखीन कोनी छातीठोक सांगत नाही. मीबी नाही."

"मंग औषध?"

"शोधून राहिलो."

"म्हंजे नाही," म्हणत काकाजी कंबर धरून उठायचे.

त्याचे वडील लवकर गेले होते. घरात आई एकटी. मी तिला काकी म्हणायचो. आमची भिंत सामाईक, त्यामुळे तिचं काही बिनसलं की आधी मला कळायचं. मला जेवू घालून ताट उचललं की ती पुन्हा विचारायची, "जेवून जाशील ना मास्तर?" मग एकदा भर उन्हाळ्यात, शेतातल्या बांध्या भेगाळलेल्या असताना, ती पावसाळ्यातल्या धान रोवण्याला बाया सांगायला गावभर हिंडली. मी त्याला फोन केला.

"थकली असंल," तो म्हणाला. "जीवनसत्त्व कमी झालं असंल."

त्याच्याकडूनच शिकलेला शब्द मी भीत भीत उच्चारला. पलीकडून आवाज आला, "तू मास्तर हायेस ना? मास्तरकी कर."

आठवड्याभरात आला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तोच शब्द सांगितला. त्याने लांबलचक रजा टाकली आणि गावातच राहिला. तांदूळ निवडायला शिकला, मोहाडीच्या बाजारातून आईच्या आवडीची भाजी आणू लागला. एकदा पानठेल्यावर त्याच्यासमोरच कोणीतरी म्हणालं, "एवढा शिकला, अन् मायले एक गोळी देता येत नाही." त्याने सुपारी घेतली, सुटे पैसे मोजले आणि घरी आला.

एका दुपारी मी तिथेच बसलो होतो. काकी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"तू कोन गा बाबू?"

"डॉक्टर हावो, माय."

ती त्याच्याजवळ सरकली आणि हळूच बोलू लागली. "मंग एक काम कर. मी भुलून राहिली ना, हे माया पोराले सांगजो नको. तो याच रोगाचं औषध शोधून राहिला. त्याले आखीन सापडलं नाही. उगाच मनाले लावून घेईल."

"नाही सांगत," तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला. त्या दिवशी चहा यायला फार वेळ लागला.

हिवाळ्यात काकी गेली. अंगणात माणसं जमत होती, तेवढ्यात त्याच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी सांत्वन केलं, मग फार संकोचत विचारलं. अभ्यासासाठी मेंदू देता येईल का? नागपुरात सोय होऊ शकते, पण लवकर ठरवायला हवं. असे फोन तो स्वतः इतरांना वर्षानुवर्षं करत आला होता. लोक डोळे देतात, मेंदू देत नाहीत, मग संशोधन काय विटांवर करायचं, असं म्हणून तो त्या नातेवाइकांना अडाणी ठरवायचा. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

"नाही सर," तो म्हणाला. "आमच्या घरचे तयार नाहीत."

घरचे म्हणजे तो एकटाच होता.

तेरवी आटोपल्यावर त्याने घराची किल्ली माझ्या हातात दिली. भंडाऱ्याच्या बसची वाट बघत आम्ही बराच वेळ फाट्यावर उभे होतो. बस लांबून दिसली तेव्हा तो बोलला.

"जाऊन पुन्हा लोकायले तेच फोन कराचे हायेत. काम तं करावंच लागंल. पन आता कोनी नाही म्हटलं, तं काहून म्हून इचारनार नाही."

बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती. गावाकडे न बघता तो आतल्या बाजूला बसला.